क्लोराइड की एप्सम? रीफ टँकसाठी स्वस्त मॅग्नेशियम घेताना

निपाणी, चिकोडी, अथणी, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ‘मॅग्नेशियम द्या’ म्हटलं की समोरून विचारणा होते, ‘उसाला पाहिजे की द्राक्षाला?’ फिशटँकला म्हणून कोणी मागेल हे दुकानदाराच्या ध्यानीमनीही नसतं. तो देतो ते मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट. रीफ टँकसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळायच्या टँकसाठी, मिळणाऱ्या मॅग्नेशियमच्या परदेशी बाटलीची किंमत पाहून आलेल्या माणसाला ते जवळपास फुकटच वाटतं. पण प्रवाळांच्या टँकला मुख्यत्वे लागतं ते दुसरंच, मॅग्नेशियम क्लोराइड. दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात सहज विरघळतात आणि दोन्हींच्या लेबलवर मॅग्नेशियम ठळक छापलेलं. फरक आहे तो मॅग्नेशियमच्या जोडीला काय येतं यात. मॅग्नेशियम हळूहळू वापरलं जातं, जोडीला आलेलं मात्र पाण्यातच साठत जातं.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतकं असतं की ते एकमेकांना धरून पांढरा चुना होऊन खाली बसायला टेकलेलं असतं. मॅग्नेशियम त्या स्फटिकांच्या पृष्ठभागावर चिकटून त्यांची वाढ रोखतं. ते कमी पडलं की तुम्ही कॅल्शियम ओता, बफर (कार्बोनेट भरून काढणारं मिश्रण) ओता, आकडे काही टिकत नाहीत. हीटरवर आणि पंपावर मात्र पांढरे थर चढतात. दगडांवरचं गुलाबी-जांभळं कोरलाइन शैवालही आपल्या सांगाड्यात बरंच मॅग्नेशियम ओढून घेतं.

आता हिशोब. 35 क्षारतेच्या, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार असलेल्या, समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 1,290 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. क्लोराइड सुमारे 19,350 आणि सल्फेट फक्त 2,700 च्या आसपास. तुमच्या 100 लिटरच्या टँकमध्ये मोजल्यावर मॅग्नेशियम 1,190 निघालं आणि ते 100 ने वाढवायचं आहे, तर 10 ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम लागेल. बाजारात मिळणाऱ्या पाणीधारी स्फटिकांच्या रूपात मॅग्नेशियम क्लोराइड घेतलं तर 84 ग्रॅम, एप्सम घेतलं तर 101 ग्रॅम. इथवर फरक किरकोळ वाटतो. पण त्या 84 ग्रॅमबरोबर पाण्यातलं क्लोराइड जेमतेम दीड टक्क्याने वाढतं, आणि 101 ग्रॅम एप्समने सल्फेट एकदम जवळजवळ 15 टक्क्यांनी वर जातं. मुळात सल्फेट थोडं असल्यामुळे प्रत्येक चमचा जाणवतो.

एकदा एप्सम टाकलं म्हणून टँक कोलमडत नाही. प्रवाळ लगेच काही बोलत नाहीत, आणि नियमित पाणी बदललं तर वाढलेलं सल्फेट उतरतंही. पण दर महिन्याला फक्त एप्समवर भागवणाऱ्याच्या टँकमधलं पाणी हळूहळू समुद्रासारखं राहत नाही, आणि घरी सल्फेट मोजायची सोय सहसा कोणाकडे नसते, म्हणून ते कळतही नाही. उलट नुसतं क्लोराइडच घालत राहिलात, त्यात कॅल्शियमसाठीही कॅल्शियम क्लोराइडच वापरत असाल, तर तोल दुसऱ्या बाजूला कलतो. म्हणून माझं मत : वजनाने आठ भाग मॅग्नेशियम क्लोराइड, एक भाग एप्सम. या मिश्रणात क्लोराइड आणि सल्फेटचं प्रमाण जवळपास समुद्रातल्याइतकंच पडतं.

भाव ताडताना किलोचा दर बघू नका. क्लोराइडच्या स्फटिकांत वजनाच्या 12 टक्के मॅग्नेशियम असतं, एप्सममध्ये 9.9 टक्के. किमतीला त्या ग्रॅमांनी भागा. तयार द्रवाच्या बाटलीलाही हाच भागाकार लावा, म्हणजे आपण पाण्याचे किती पैसे मोजतो ते उघड होतं.

क्लोराइड कृषी केंद्रात सहसा मिळत नाही. बेळगावात कॉलेजांच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्यांकडे मागायचं. अर्धा किलोचा एलआर ग्रेडचा (प्रयोगशाळेच्या दर्जाचा) डबा घरच्या टँकला भरपूर होतो. नाव सांगताना ‘हेक्झाहायड्रेट’ म्हणा, म्हणजे वर सांगितलेले पाणीधारी स्फटिक. निर्जल क्लोराइड महाग असतं, पाण्यात पडताच चांगलंच तापतं आणि वरचं वजनाचं गणितही त्याला लागू पडत नाही. याहून स्वस्त हवं असेल तर औद्योगिक गोणी आहेच. गुजरातेत मिठागरांतून मीठ काढून उरलेल्या कडू द्रावापासून हे क्लोराइड बनतं. त्यातलं ब्रोमाइड समुद्रातही असतंच, त्याची मला फारशी धास्ती नाही. पण अमोनिया आणि जड धातू किती, हे त्या गोणीवर प्रवाळांच्या दृष्टीने कोणी तपासून लिहीत नाही. एवढी बचत मी करणार नाही.

एप्सम आठवा-नववा हिस्साच लागतो, तेव्हा तेही मेडिकलमधलं साधं, वास आणि रंग नसलेलं पाकीट घ्यावं. (तिथे नुसतं ‘मॅग्नेशियम’ म्हणालात तर गोळ्या हातात पडतील, त्या टँकच्या कामाच्या नाहीत.) शेतीच्या पिशवीचा निकष पिकाचा असतो. शिवाय कृषी केंद्रात त्याच फळीवर झिंक सल्फेट असतं, दिसायला हुबेहूब तसंच. मँगेनीज सल्फेट असतं, नाव ऐकताना घोटाळा होतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तर तांबंही असतं, आणि तांब्याने टँकमधल्या कोळंब्या, गोगलगायी, प्रवाळ सगळेच जातात.

साठवणीत दोघांचे स्वभाव अगदी उलटे. क्लोराइड हवेतलं पाणी पितं. खानापूरच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर डब्यात चिखल होतो, आणि मग तोललेल्या 84 ग्रॅममध्ये किती मॅग्नेशियम हे सांगता येत नाही. एप्सम अथणीच्या उन्हाळ्यात आपलंच पाणी सोडून भुरभुरीत पांढरं होतं. मग ग्रॅममागे त्याचा जोर वाढतो. क्लोराइडपुरता उपाय सोपा आहे : 500 ग्रॅमचा डबा उघडल्या दिवशीच आरओच्या पाण्यात विरघळवून एकूण 1.2 लिटर द्रावण करून ठेवा. त्यातलं 20 मिली 100 लिटरच्या टँकला मॅग्नेशियम 10 ने वाढवतं. जिथे प्रवाह जोरात आहे तिथे थोडं थोडं ओता, दिवसाला मॅग्नेशियम लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या वर वाढवू नका.

डब्यावरचं लेबल गळून पडलं आणि कुठलं कुठलं ते कळेना, तर कॅल्शियम क्लोराइडच्या दाट द्रावणाचे थोडे थेंब वेगळ्या ग्लासात घेऊन त्यात संशयिताचं दाट द्रावण घाला. एप्सम असेल तर पांढरा जिप्समचा गाळ धरतो, क्लोराइड असेल तर पाणी नितळ राहतं. एप्समचं द्रावण कॅल्शियमच्या बाटलीत कधी मिसळायचं नाही, तेही याच कारणाने.

आणि पैसे काढण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं उपकरण, बघा. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याहून कॅनभर समुद्राचं पाणी आणणारे आपल्याकडे आहेत. पावसाळ्यात नदीच्या मुखाजवळ भरलेलं ते पाणी चांगलंच पातळ असतं. क्षारता 35 ऐवजी 30 असेल तर मॅग्नेशियम आपोआप 1,100 च्या घरात दिसणार, आणि कॅल्शियमही त्याच हिशोबाने खाली. तिथे क्लोराइड नको आणि एप्समही नको, मरीन सॉल्ट (समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ) घालून क्षारता वर आणा आणि मग पुन्हा मोजा.