शेजारच्या पाककृतीतली गळलेली पायरी

महानगरांच्या ज्या वस्त्यांमध्ये निरनिराळ्या खंडांतून आलेली कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात, तिथे परक्या स्वयंपाकाचे साहित्य मिळवणे फारसे अवघड नसते. मका, टेफ हे इथिओपियाचे बारीक धान्य, कसावा हा कंद, चिकट तांदूळ, वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पट्ट्या असे सगळे एकाच रस्त्यावर विकायला ठेवलेले असते. अवघड असते ती कृती जशीच्या तशी उचलणे. सांगणाऱ्या शेजारणीला ज्या गोष्टी उघड वाटतात त्या ती सांगत नाही, आणि ऐकणारा वेळखाऊ वाटणारी पायरी स्वतःच गाळून टाकतो. प्रत्यक्षात पुष्कळदा पदार्थाचा जीव नेमका त्याच पायरीत असतो.

याचे सर्वांत मोठे, आणि माझ्या मते सर्वांत दुःखद, उदाहरण मक्याचे आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात राहू देतात, सकाळी धुऊन वाटतात आणि त्या वाटणाच्या तोर्तिया (पातळ भाकऱ्या) किंवा तामाले (पानात गुंडाळून वाफवलेले उंडे) करतात. अशा दाण्यांना ‘निश्तमाल’ म्हणतात. नाहुआत्ल भाषेतल्या या शब्दात ‘राख’ या अर्थाचा शब्द दडलेला आहे, कारण चुन्याच्या जागी लाकडाची राखही वापरली जाई. चुन्यातील अल्कलीमुळे दाण्याच्या टरफलातील हेमिसेल्युलोज हा जोडून ठेवणारा घटक विरघळतो व टरफल सुटून येते. कॅल्शियम दाण्यात शिरते. आणि नुसत्या मक्याच्या पिठाला जो चिकटपणा नसतो, तो या वाटणाला येतो. म्हणूनच साध्या पिठाची तोर्तिया लाटताना चिरते, निश्तमालाची चिरत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मक्यातील नायसिन, म्हणजे ‘ब३’ जीवनसत्त्व, बहुतांशी अशा बद्ध रूपात असते की आपल्या आतड्याला ते शोषून घेता येत नाही. अल्कली ते मोकळे करते.

1492 नंतर मका युरोपात पोहोचला, पण चुन्याची पायरी त्याच्यासोबत गेली नाही. जे गरीब लोक जवळजवळ मक्यावरच जगत, त्यांच्यात त्वचा खरखरीत होऊन सोलवटणे, जुलाब आणि बुद्धिभ्रंश अशी लक्षणे असलेला एक रोग दिसू लागला. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने 1735 मध्ये त्याची नोंद केली. ‘पेलाग्रा’ हे नाव 1771 मध्ये इटलीत रूढ झाले. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा रोग इतका पसरला की अनेक डॉक्टर त्याला संसर्गजन्य समजू लागले. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून केलेल्या कामातून दोष आहाराचा आहे हे दाखवले, आणि संसर्गाची शंका फेडण्यासाठी त्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. कॉनरॅड एल्वेजेम यांनी 1937 मध्ये निकोटिनिक आम्ल हा नेमका उपाय सिद्ध करेपर्यंत, कासाल यांच्या नोंदीनंतर दोनशे वर्षे उलटली होती. आज मिश्र आहार घेणाऱ्याला साध्या मक्यापासून हा धोका नाही. पण तोर्तियाचा वास आणि पोत हवा असेल, तर त्याला चुन्यापासून सुटका नाही.

कसावाच्या बाबतीत पायऱ्यांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. या कंदाच्या कडू जातींमध्ये लिनामारिन नावाचे संयुग असते आणि त्यापासून हायड्रोजन सायनाइड तयार होते. संयुग फोडणारे विकर (एन्झाइम) कंदातच असते, पण पेशींमध्ये दोघे वेगवेगळ्या जागी बंदिस्त असतात. पश्चिम आफ्रिकेत ‘गारी’ करताना कंद आधी किसतात, मग तो कीस काही दिवस आंबवून त्यातले पाणी दाबून काढतात आणि शेवटी परततात. किसल्याने पेशी फुटतात, विकर कामाला लागते, आणि सुटलेले विष पाण्यावाटे व हवेत निघून जाते. घाईने मोठे तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर उष्णतेने विकर आधीच निकामी होते आणि विषाचा मूळ साठा बराचसा कंदातच राहतो. दुष्काळात आणि टंचाईत काँगोसारख्या प्रदेशांत भिजवण्याचे दिवस कमी केले गेले, तेव्हा पाय कायमचे अधू करणाऱ्या ‘कोंझो’ रोगाच्या साथी आल्या. म्हणून आपल्या हातात आलेला कसावा गोड जातीचा आहे की कडू, हे विचारून घ्यावे, आणि तो कधीही कच्चा खाऊ नये.

इंजेरा या इथिओपियाच्या आंबवलेल्या, घावनासारख्या भाकरीचा धडा तुलनेने निरुपद्रवी आहे. टेफच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते. त्यामुळे दोन-तीन दिवस आंबताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायला जाळे नसते. पारंपरिक कृतीत आंबलेल्या पिठाचा थोडा भाग पाण्यात शिजवून घट्टसर करतात आणि तो उरलेल्या पिठात परत मिसळतात. या शिजवलेल्या भागाला ‘अब्सित’ म्हणतात. त्यातील फुललेले पिष्ट मिश्रणाला दाटपणा देते, वायूचे बुडबुडे टिकतात आणि इंजेरावर ‘डोळे’ म्हणून ओळखली जाणारी छिद्रे उमटतात. पाहुण्या स्वयंपाक्याकडून हीच पायरी सर्वांत आधी सुटते.

लाओस आणि ईशान्य थायलंडमधील चिकट तांदूळ पाण्यात उकळून पाहणाऱ्यांच्या पदरी लगदा येतो. या तांदळाच्या पिष्टात अमायलोज हा घटक जवळजवळ नसतो, बहुतेक सगळे अमायलोपेक्टिन हा दुसरा घटक असतो. अमायलोपेक्टिन मुबलक पाण्यात सहज फुगते आणि दाण्याचा आकार मोडतो. तो काही तास भिजवून वाफेवर शिजवला, की दाणा भिजताना प्यायला तेवढ्याच पाण्यात शिजतो आणि चिकट असूनही वेगळा राहतो.

जपानी ‘दाशी’ या कढणात समुद्रशेवाळाची कोंबू नावाची पट्टी आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे, असे दोन घटक असतात. दोन्हींतून मिळणारी चव, ‘उमामी’, एकाच जातीची असल्याने एक वगळण्याचा मोह होतो. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबूतील उमामी देणारे ग्लुटामेट ओळखले आणि शिंतारो कोदामा यांनी 1913 मध्ये कात्सुओबुशीतील इनोसिनेट. पुढे लक्षात आले, की ही दोन संयुगे एकत्र आली म्हणजे चवीची नुसती बेरीज होत नाही. इनोसिनेटच्या उपस्थितीत जिभेवरील ग्राहक प्रथिन ग्लुटामेटला अधिक घट्ट धरून ठेवते, आणि त्यामुळे दोन्ही घटक थोडे-थोडे घेतलेले कढण कोणत्याही एकाच घटकाच्या दुप्पट प्रमाणापेक्षा कितीतरी भरदार लागते.