जीवनवृक्ष (शालेय समुपदेशनातील चित्रतंत्र)

जीवनवृक्ष : मुलाने झाडाचे चित्र काढून त्याच्या मुळांपासून फुलांपर्यंत आपल्या आयुष्यातील माणसे, गुण, आठवणी आणि आशा लिहायच्या, आणि एवढे हाताशी आले की मगच संकटांविषयी बोलायचे, असे समुपदेशनाचे तंत्र. झिंबाब्वेच्या मानसशास्त्रज्ञ एन्काझेलो एन्क्यूबे आणि ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील डलिच सेंटर या समुपदेशन संस्थेचे डेव्हिड डेनबरो यांनी 2006 च्या सुमारास ते विकसित केले. एचआयव्ही-एड्समुळे आईवडील गमावलेल्या मुलांसाठी झिंबाब्वेतील बुलावायोजवळच्या मासिये येथे शिबिरे भरत. तिथल्या कामातून या तंत्राला आकार आला.

त्या शिबिरांतील कार्यकर्त्यांपुढचा पेच शाळेतल्या समुपदेशकालाही ओळखीचा वाटेल. मुलाला थेट दुःखाविषयी विचारले, तर ते कोसळते आणि पुन्हा त्याच दुःखात अडकते. विचारलेच नाही, तर ते एकटे पडते. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी मांडलेल्या कथनाधारित उपचारपद्धतीत यावर एक वाट होती. माणूस आणि त्याची समस्या वेगळी मानायची, आणि समस्येच्या कहाणीशेजारी त्याच्या आयुष्यातली दुसरी, दुर्लक्षित राहिलेली कहाणी आधी भक्कम करायची. जीवनवृक्षात ही कहाणी कागदावर उतरते.

मानसशास्त्रात झाडाचे चित्र याआधीही होते. अमेरिकेत जॉन बक यांची घर-झाड-माणूस चाचणी 1948 मध्ये आली आणि स्वित्झर्लंडमध्ये कार्ल कोख यांची वृक्षचाचणी 1949 मध्ये. तिथे मूल चित्र काढते आणि तज्ज्ञ त्यावरून मुलाचा स्वभाव ताडतो. जीवनवृक्षात चित्राचा अर्थ सांगण्याचा हक्क मुलाचाच असतो. खोड बारीक का, फांदी तुटकी का, असे तर्क समुपदेशकाने करायचे नसतात. या तंत्राचे खरे मोल इथेच आहे, आणि अर्धवट प्रशिक्षणात नेमके हेच सुटते.

झाडाचा प्रत्येक भाग एका प्रश्नासाठी आहे. मुळांत गाव, घराणे, भाषा, लहानपणी ऐकलेली गाणी येतात. मराठी शाळेत ‘तुझं गाव कोणतं?’ हा प्रश्न सोपा वाटतो. पण दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाची मुळे दोन ठिकाणी असतात, आणि ती दोन्ही काढायला त्याला मोकळीक हवी. जमिनीवर रोजचा दिनक्रम येतो. खोडावर स्वतःला काय येते ते लिहायचे. इथे बहुतेक मुले थबकतात, कारण शाळेत गुण म्हणजे मार्क. धाकट्या बहिणीला शांत करणे, शेळीची धार काढणे, रडणाऱ्या मित्राशेजारी गप्प बसणे ही कौशल्येच आहेत, हे समुपदेशकाने दाखवून द्यावे, आणि ‘हे तुला कुणी शिकवलं?’ असेही विचारावे. त्या उत्तरातून आणखी एक माणूस चित्रात येतो. फांद्यांवर आशा, फळांत इतरांकडून मिळालेले, फुलांत किंवा बियांत आपण इतरांना देऊ इच्छितो ते.

पाने म्हणजे आपली माणसे, हयात असलेली आणि नसलेलीही. गेलेल्या माणसाविषयी तो कसा गेला हे विचारत नाहीत. त्याच्याबरोबरचे चांगले क्षण कोणते होते, त्याच्यात विशेष काय होते, आणि आज आपण त्याची आठवण काढली हे त्याला आवडेल का, असे प्रश्न असतात. ‘आजीला आवडलं असतं का, तू तिचं नाव इथे लिहिलंस ते?’ या प्रश्नाने मुलाच्या डोळ्यांत पाणी येऊ शकते, पण त्या क्षणी आजी त्याच्या सोबत असते. सगळ्या तंत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा ही.

यानंतर सर्वांची झाडे भिंतीवर शेजारी शेजारी लावून जंगल तयार होते. मुले एकमेकांच्या झाडावर चार शब्द लिहितात. मगच वादळाचा विषय निघतो : जंगलावर कोणती संकटे येतात, ती झाडांची चूक असते का, वादळात प्राणी-पक्षी काय करतात, आणि वादळ नसते असेही दिवस असतात ना? मूल जंगलाविषयी बोलते आणि बोलता बोलता घराविषयीही बोलून जाते. दारू, मारहाण, सोडून गेलेला बाप हे शब्द इथे येतात, कुणी ओढून न काढता. शेवटी प्रत्येकाला त्याच्या गुणांचे आणि आशांचे प्रमाणपत्र दिले जाते, जमल्यास पालकांसमोर.

साहित्य किरकोळ लागते : कार्डशीट, तेलखडू, स्केचपेन. वेळ मात्र हवा. एका तासिकेत हे उरकू नये. तीन-चार तासिका मिळत नसतील, तर वादळाचा भाग सुरूच करू नये. चित्राला ‘छान’ म्हणणे टाळावे, नाहीतर शेजारच्या मुलाला आपले झाड वाईट वाटते. मुलाला विचारल्याशिवाय चित्र फलकावर लावू नये, वर्गशिक्षकांना दाखवू नये. गुप्ततेला असलेली मर्यादा सुरुवातीलाच मुलांना समजेल अशा भाषेत सांगावी. लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली, तर पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

हे तंत्र पुढे अनेक देशांत पोहोचले. लंडनमधील शाळांत ते निर्वासित कुटुंबांसाठी वापरले गेले आणि तिथल्याच एका रुग्णालयात मधुमेह असलेल्या किशोरांसाठी. झाड काढायला नाखूश असणाऱ्या मुलांसाठी डेनबरो यांनी फुटबॉलच्या संघावर बेतलेला प्रकार तयार केला; युगांडातील पूर्वाश्रमीच्या बालसैनिकांबरोबरच्या कामात तो वापरला गेला. त्यात मूल आपला गोलरक्षक कोण, प्रशिक्षक कोण हे ठरवते, आणि आजवर संघाने मिळून केलेले गोल कागदावर मांडते.