टॅलीवाला

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री, जोडणी, दुरुस्ती आणि गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे फेरफार करून देणारा बाहेरचा जाणकार. कंपनीच्या लेखी तो ‘पार्टनर’. पेठेतल्या दुकानात, एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात किंवा ट्रस्टच्या कचेरीत मात्र ‘टॅलीवाल्याला फोन लाव’ एवढेच म्हणतात.

टॅलीचा जन्मही अशाच नडीतून झाला. बंगळुरूचे व्यापारी श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचे हिशेब नीट सांभाळील असे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा मुलगा भरत याने ते लिहिले. १९८६ मध्ये निघालेल्या त्यांच्या प्यूट्रॉनिक्स कंपनीचे नाव १९९९ मध्ये टॅली सोल्यूशन्स झाले. घरातच प्रोग्रामर असण्याचे भाग्य बाकीच्या व्यापाऱ्यांना नव्हते, त्यांच्यासाठी टॅलीवाला.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच्या फोनला वेळापत्रक लागले. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ची मुदत ११ तारखेला, जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा) ची २० तारखेला. त्याआधीचे दोन दिवस आणि मार्चअखेर तो सहसा हाती लागत नाही. बरीचशी कामे आता एनीडेस्कवरून, म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, जागेवर न येताच उरकतात. डेटा बिघडल्याची तक्रार आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : शेवटचा बॅकअप कधी घेतला? उत्तर बहुधा लांबलचक असते.

त्याचे खरे कसब टीडीएल या टॅलीच्या स्वतःच्या भाषेत दिसते. बिलावर गाडीचा नंबर छापणे, दलालाची दलाली आपोआप काढणे असे छोटे फेरफार तो त्यात लिहून देतो. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र बहुतेक वेळा टीसीपी ही बांधून बंद केलेली फाइल पडते, मूळ कोड नव्हे. टॅलीवाल्याने धंदा सोडला किंवा त्याच्याशी बिनसले, तर दुसऱ्याला त्या फाइलीत बदल करता येत नाही. काम पहिल्यापासून करावे लागते. लायसन्सच्या नोंदणीत त्याचाच ईमेल घातलेला असला तर अडचणीत भर. टॅली व्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा, पासवर्ड विसरला, तर त्याचाही इलाज चालत नाही : तो परत मिळवण्याची सोयच नाही.

पैसे मोजले म्हणजे कोड आपला झाला, हा समज सार्वत्रिक आणि चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकराने नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो. टॅलीवाला नोकर नाही. त्याने लिहिलेले त्याचेच राहते. हक्क घ्यायचा तर त्याच्या सहीचा लेखी करार लागतो आणि त्यात मुदत घातली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षांचीच धरते.