प्रसूतीपश्चात नैराश्य

बाळंतपणानंतर काही स्त्रियांना होणारा आणि उपचार न झाल्यास महिनोन्‌महिने टिकणारा मनाचा आजार. बाळ झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. उदासी त्यापुढेही राहिली, बाळ झोपले तरी आईचा डोळा लागेना, ‘माझ्याकडून याचं काहीच नीट होत नाही’ हे मनात घोळत राहिले, तर तो आजार समजावा.

हा आजार काहींनाच का होतो? बाळामागून वार (गर्भाला पोसणारा अवयव) पडल्यावर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची (हार्मोन्सची) पातळी काही दिवसांत झपाट्याने उतरते, पण ती सगळ्यांचीच उतरते. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गरोदर नसलेल्या स्त्रियांना ही संप्रेरके देऊन नंतर बंद केली. पूर्वी हा आजार झालेल्या 8 जणींपैकी 5 जणींची मनःस्थिती ढासळली. न झालेल्या 8 जणींपैकी एकीचीही नाही. प्रयोग छोटा असला तरी बोलका आहे: उतार तोच, तो सोसण्याची मेंदूची ठेवण मात्र वेगळी. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला आधी नैराश्य झाले असेल, तर धोका वाढतो.

उरलेली कारणे घरात सापडतात. गोव्यात 270 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करणारा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर 6 ते 8 आठवड्यांनी त्यांपैकी 23 टक्के जणींना नैराश्य होते. पैशांची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे. मुलगी झाली की त्यांचा भार आणखी वाढत होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजारी पडलेल्यांपैकी 78 टक्के जणींचे मन गरोदरपणातच बिघडलेले होते. म्हणून विचारपूस सातव्या-आठव्या महिन्यातच सुरू व्हायला हवी. बाळंतपणापर्यंत थांबणे म्हणजे हातची संधी घालवणे.

तपासणीसाठी 1987 सालची एडिंबरो प्रश्नावली वापरतात. मागच्या 7 दिवसांबद्दल 10 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 13 किंवा अधिक आली तर डॉक्टरांकडून सविस्तर तपासणी हवी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा; तिथे शून्याहून अधिक गुण असतील तर बेरीज न पाहता त्याच दिवशी मदत द्यावी. ही प्रश्नावली सासूबाईंसमोर भरून घेतली की उत्तरे हमखास ‘सगळं छान’ अशी येतात. बाळंतिणीशी एकटीशीच बोलावे. थायरॉइड व हिमोग्लोबिनही तपासावे, कारण त्यांतल्या बिघाडानेही असाच गळाठा येतो.

सौम्य आजारात समुपदेशन पुरते. रात्रीची एक पाळी घरच्यांनी उचलून आईला सलग 4-5 तास झोप मिळवून द्यावी. हा उपाय फुकटचा, तरी सर्वांत दुर्लक्षित. तीव्र आजारात औषध लागते. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध आईच्या दुधात फार थोडे उतरते, त्यामुळे सहसा अंगावर पाजणे थांबवावे लागत नाही. गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही किमान 6 महिने गोळी चालू ठेवावी लागते. ती मध्येच सोडल्याने आजार उलटतो. आधी उन्मादाचे (अति उत्साह, झोपेची गरजच न वाटणे) झटके येऊन गेले असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशा स्त्रीला नुसते नैराश्यावरचे औषध दिल्यास झटका पुन्हा येऊ शकतो.

हजार बाळंतिणींत एक-दोघींना भास होतात, भलत्याच शंका येतात, वागणे ओळखू येईनासे होते. ही वेगळी आणि तातडीची अवस्था आहे. बाईला व बाळाला क्षणभरही एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.