रस्त्याची सावली जमिनीखाली ठरते

मेच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी सूर्य रत्नागिरीच्या बरोबर माथ्यावर येतो. शून्य सावली दिवस! त्या सुमारास इमारतींची सावली त्यांच्या पायाशीच गोळा होते. रुंद केलेल्या चौपदरी रस्त्यावर पायी चालणाऱ्याला आधार उरतो तो डोक्यावरच्या फांद्यांचा, आणि रुंदीकरणात बहुधा त्याच गेलेल्या असतात.

झाडं हवा गार करतात हे खरं, पण कोकणात ते निम्मंच खरं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2.4 मेगाज्यूल उष्णता लागते. पानं ती भोवतालातून ओढून घेतात. किनाऱ्यावर हवा मुळातच दमट, त्यामुळे हे काम मंदावतं. इथे जिवाला बरं वाटतं ते थेट ऊन अडल्यामुळे आणि घाम वाळवणाऱ्या वाऱ्यामुळे. म्हणून झाडाचं खोड उंच आणि मोकळं हवं, खालून वारा खेळायला हवा. दुभाजकावरची छाटलेली झुडपं फोटोत छान दिसतात, एवढंच.

रस्ता दक्षिणोत्तर असेल तर दुपार कलल्यावर पश्चिमेच्या फुटपाथला इमारतींची सावली मिळते, पूर्वेचा मात्र भाजून निघतो. मोठी झाडं आधी तिथे लावावीत, फुटपाथ आणि गाड्यांच्या मध्ये.

जागा कुठून आणायची? एका लेनला साधारण 3.5 मीटर दिलेले असतात. बसची रुंदी मात्र 2.6 मीटरच्या आसपास. शहरातल्या चार लेन 3.1 मीटरच्या केल्या की 1.6 मीटरचा पट्टा सुटतो, आणि अरुंद लेनमध्ये चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो.

खरी अडचण जमिनीखाली आहे. मोठ्या झाडाला 20-30 घनमीटर माती लागते. आपण जांभ्या दगडात मीटरभर खड्डा खणून एक घनमीटर देतो आणि वर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की ती वर येऊन फरशा उचकटतात, नाहीतर झाड खुरटतं आणि वादळात आडवं होतं. यावर उपाय आहे. फुटपाथखाली सलग चर घेऊन त्यात काळ्या दगडाची मोठी खडी भरायची आणि फटींत थोडी माती. फुटपाथचं वजन खडी पेलते, मुळं फटींतून पसरतात, पावसाचं पाणीही तिथे मुरतं. चराला तळाशी निचरा मात्र हवाच, नाहीतर आषाढात मुळं कुजतील.

झाडं शोधायला लांब जायला नको. उंडी आणि भेंडी (भाजीची नव्हे, किनाऱ्यावरचं झाड) खारा वारा सोसतात, बकुळ बारमाही हिरवी, करंजाला ऐन उन्हाळ्याआधी नवी पालवी. गुलमोहर देखणा खरा, पण ठिसूळ.

जांभा फोडणं महाग पडतं. पण रुंदीकरणात गटारासाठी चर खणला जातोच. तोच त्या वेळी दीड मीटर रुंद घेतला, तर काँक्रीट पडल्यावर पुन्हा फोडाफोड करावी लागत नाही.