पोलादी फ्रेम ‘मऊ’ कशी ठरली

1897 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी सायकलच्या नळीचं एक पेटंट घेतलं. घराण्याचा धंदा खिळ्यांचा. ही नळी बाहेरून सरळसोट, पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ. सांध्याजवळ ताण जास्त, जोडताना आचही तिथेच लागते. मग मधलं पोलाद उगाच का वागवायचं? हेतू वजन वाचवण्याचा होता. फ्रेम थोडी लवू लागली, ती ओघानंच.

1935 मध्ये रेनॉल्ड्स कंपनीनं मँगनीज-मॉलिब्डेनमचं ‘531’ पोलाद आणलं. मिलानच्या कोलंबस कंपनीच्या नळ्याही शर्यतवाल्यांत गाजल्या. महाग पोलाद जास्त ताठ असतं असं पुष्कळजण धरून चालतात, ते चूक आहे. साधं असो की भारी, पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे धातू किती ताठ याचं माप, 200 गिगापास्कलच्या आसपासच राहतो. भारी मिश्रधातूत वाढते ती ताकद. त्यामुळे नळी आणखी पातळ करता येते, वजन उतरतं, आणि फ्रेम उलट जास्त लवते. सत्तरच्या दशकातली रेनॉल्ड्सची ‘753’ नळी याच वाटेनं गेली.

व्यासाचा परिणाम तर फारच मोठा. नळीचा पत्रा पातळ आणि तेवढ्याच जाडीचा ठेवला, तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पोलादी फ्रेमची वरची नळी वर्षानुवर्षं 25.4 मिलिमीटरची, खालची तिरपी 28.6ची. अॅल्युमिनियमचा गुणांक पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, म्हणून ऐंशीच्या दशकात क्लाइन आणि कॅननडेल या अमेरिकी सायकल कंपन्यांनी नळ्यांचा व्यास चांगलाच वाढवला. त्या फ्रेम इतक्या कडक झाल्या की त्यांच्यापुढे पोलाद ‘मऊ’ ठरलं.

खड्डे कमी जाणवण्याचं श्रेय मात्र पोलादाला देऊ नये. त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेनं फार थोडी दबते. टायर आणि सीट कितीतरी जास्त. पोलादाचा लवचीकपणा जाणवतो तो पायडलवर जोर देताना, बाजूला. त्यात शक्ती वाया जाते की स्प्रिंगसारखी परत मिळते, यावर अजून भांडणं चालतात. नव्वदच्या दशकात इटलीच्या अँतोनिओ मोंदोनिको यांनी एका अमेरिकी मासिकासाठी वेगवेगळ्या कोलंबस नळ्यांच्या सात सारख्या फ्रेम बनवल्या. नळ्या कोणत्या हे न सांगता त्या चालवायला दिल्या, तेव्हा जाणकारालाही फरक नीट सांगता आला नाही.

आपल्याकडे 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली, बर्मिंगहॅमच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या भागीदारीत. रेनॉल्ड्सही त्याच समूहात होती. पण टीआयच्या हर्क्युलिससारख्या काळ्या सायकलीचा आराम नळ्यांचा नव्हे. दोन चाकांमधलं लांब अंतर, पुढचं चाक धरणारा पुढे कललेला फोर्क, रुंद टायर आणि स्प्रिंगची सीट, सगळं काम त्यांचं.