एक्स-रे काढून आल्यावर बाळाला दूध पाजायचं का?

‘एक्स-रे काढल्यावर किरणं तीन दिवस अंगात राहतात, बाळाला जवळ घेऊ नका,’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. बार्शी-अक्कलकोटहून सोलापूरला तपासणीसाठी आलेली एखादी आई त्यापायी रडणाऱ्या लेकराला दूर ठेवते, तेव्हा फार वाईट वाटतं.

भीतीला एका खऱ्या गोष्टीचा आधार दिला जातो. 1898 मध्ये रेडियम हा धातू शोधणाऱ्या थोर शास्त्रज्ञ मेरी क्युरी बाईंच्या वह्या आजही किरणोत्सारी, म्हणजे आपोआप किरणं सोडणाऱ्या, आहेत. खरंच आहेत. पण कारण वेगळं: त्या वह्यांना रेडियमचे कण चिकटलेत आणि रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात. एक्स-रे काढताना असा कुठलाही पदार्थ अंगात जात नाही. यंत्रातल्या नळीला वीज मिळते तेवढाच वेळ किरणं निघतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच. याच बाईंनी पहिल्या महायुद्धात एक्स-रे यंत्रं मोटारीतून जखमी सैनिकांपर्यंत पोचवली होती, हे मात्र त्या निरोपात कधीच नसतं.

स्वतः पडताळून बघा. बटण दाबताना तंत्रज्ञ आडोशाला जातो, कारण त्याला हे काम रोज करायचं असतं. फोटो निघताच तो लगेच तुमच्याजवळ येतो, हात धरून उठवतो.

तेव्हा दूध लगेच पाजा. गरोदर असाल तर मात्र आधीच सांगा. काही वेगळ्या स्कॅनमध्ये किरणोत्सारी औषध टोचतात. तिथे बाळाला किती वेळ दूर ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारा.